नम्म

निपाणीच्या कोर्टात अकरा वर्षं मी दुभाषी होतो.
मराठी साक्ष कानातून आत,
कन्नड कागदावर बाहेर.
अडायचं ते वर अपिलाला जाताना, इंग्रजीत:
उष्टं, माहेर, ओटी.
कन्नडला त्याची फिकीर नव्हती.
उष्ट्याला एंजलु, माहेराला तवरु,
एकाच फडताळातली भांडी,
नावं तेवढी वेगळी कोरलेली.

मग अक्कोळची जिनमती मगदूम
पिंजऱ्यात उभी राहिली.
बोटांना तंबाखूचा वास,
समोर धाकटा दीर पायगोंडा,
मधे चौदा गुंठ्यांचा खटला.
वकिलानं विचारलं, शेत कुणाचं?
‘आमचं’ म्हण, असं पढवून आणलेलं.
तिनं दिराकडं बघितलं. बराच वेळ.
म्हणाली, आपलं.

माझं पेन थांबलं.
आमचं काय, आपलं काय,
कन्नडात दोन्हीला नम्म.
दाराची चौकट तीच,
दीर उंबऱ्याच्या आत की बाहेर
ते सांगत नाही.
साहेब म्हणाले, बरेयिरी.
मी लिहिलं.
त्यांनी वाचलं, वादीचं शेत.
वकील खूश.

ती निघाली, येते म्हणाली.
शिपाई म्हणाला, बर्री अव्वा.
जाणाऱ्याला ये म्हणायची रीत
दोन्हीकडं सारखी,
तिथं माझं काम नव्हतं.

जिन्यात पायगोंडानं गाठलं.
टोपी हातात, डोळे लाल.
‘वैनी काय बोलली, ऐकलं मी.
तुम्ही काय लिवलंसा?’
नम्म, म्हटलं.
‘ते खरं.
पण कुठलं?’