कंस

किल्केनी. रात्रीचे साडेनऊ, नोर नदीवर अजून उजेड,
आणि ग्रोन्याचं बटण
कोल्ह्याची शेपटी हलवत नाही.

हाक तिनं अवतरणचिन्हांत लिहून दिलेली;
बटण ती चौकात जाऊन ओरडतं,
आणि चौकात सेल्फ नावाचं कुणी राहत नाही.

अवतरणं पुसली, कंस राहिले:
खिडकी उघडायच्या आधीच
शेपटी एकदा हलून मोकळी.

फिअक्रा, कोट चढवता चढवता: कंस काढ.
आत्ता बोलावू नकोस. नुसता पत्ता दे,
घरासकट.

ती दाबते.
बटण येताना उगाच एक ‘खोटं’ हातात घेऊन येतं,
ते ठेवायला दारात एक चांदणी टांगलेली.

कोल्हा मान वळवून शेपटीकडे बघतो,
जणू आत्ताच कळलं, ही आपलीच.