इतिवृत्तात न आलेलं

हजर त्रेचाळीस. खुर्च्या तीस.
बाकीचे भिंतीला टेकून, ओल्या कोटांचा वास.
मी लिहिते आहे. मला मत नाही,
कारकुनाला फक्त पेन असतं.

विषय क्रमांक चार : पार्क-अन-व्हेलिन.
जुन्या कॉर्निश बोलीत, गिरणीचं शेत.
गिरणीत आता दळण नाही,
आठवड्याच्या भाड्याने मिळणारा
पाण्याचा आवाज आहे.

डेन्झिल कार्लायन उठला, टोपी चुरगाळत.
जमीन त्याची.
"विकतो म्हटलं तर तुम्ही शिव्या देता,
नाही म्हटलं तर तुमची पोरं देतील."
आणि बसला. त्याला अजून बोलायचं होतं.

मिसेस ट्रेगिअरनी टिटव्यांचा हिशोब आणला होता
शाळेच्या वहीत, वर्षवार :
अकरा जोड्या, आठ, आठ, पाच,
गेल्या वसंतात दोन.
"उघड्या जमिनीवर अंडी घालतात त्या.
त्यांना वरचा मजला नसतो."
कुणीतरी हसलं. त्या हसल्या नाहीत.

टॅमझिन दाराशी, निळ्या गणवेशात.
रोज सकाळी ती ह्याच मिसेस ट्रेगिअरना आंघोळ घालते,
संध्याकाळी पायाची पट्टी बदलते,
आणि झोपते खाणीच्या वाटेवरच्या कॅराव्हॅनमध्ये,
मुलाला आतल्या अंगाला घेऊन
कारण कडेचा पत्रा गारठतो.
ती म्हणाली, "मलाही टिटव्या आवडतात."
एवढंच.
मी लिहिलं. मग खोडलं.
तो मुद्दा नव्हता.

बत्तीस घरं. नकाशावर
बशीत मांडलेल्या बिस्किटांसारखी.
पैकी बारा परवडणारी.
कुणाला, असं विचारलं गेलं.
उत्तर पुढच्या सभेत.
मागून कुणी पुटपुटलं,
गावात घर आहे ते सगळे बाहेरचे,
गावकुसाबाहेर झोपतात ते गावातले.
कोण बोललं ते कळलं नाही, म्हणून तेही राहिलं.

परत येताना बंदराच्या उतारावर मोजत आले.
जानेवारी, रात्रीचे साडेनऊ.
एकोणसाठ घरं, चौदा दिवे.
उरलेल्या दारांवर किल्लीच्या पेट्या,
आकडे जुळवा, आत या.
चाळिसावं घर माझ्या आईचं.
मीच विकलं, नऊ वर्षांपूर्वी, भाव चांगला आला.
घेतलेली माणसं वाईट नाहीत,
ऑगस्टमध्ये खिडकीतून हात हलवतात.
खिडकीचा रंग तेवढा बदलला.

हे कुठल्या विषयाखाली लिहायचं?

शेताच्या फाटकाशी थांबले. काही दिसत नव्हतं.
अंधारात एक टिटवी ओरडली
आणि लांब, खाणीच्या वाटेवर,
एका पत्र्याच्या खिडकीत टीव्हीचा निळा उजेड
हलत होता.

सकाळी इतिवृत्त टाइप केलं :
चर्चा झाली. निर्णय तहकूब.
खाली, खोडलेलं ते एक वाक्य परत घातलं,
नावासकट.
अध्यक्ष काढतील. काढू देत,
त्यांना ते आधी वाचावं लागेल.