दोन विसर्ग

मे महिना, रात्रीचे अकरा, भुसावळचा डेपो.
बाहेर अडतीस, सर्व्हरच्या खोलीत एकोणीस.
स्वेटर घालून आत जाताना
फाटकावरचा जवान हसला :
बोरसेसाहेब, भुसावळात?

आज रात्री चारवरून सहावर जायचं.
हुकूम तीन वर्षांपूर्वी आला होता,
मग त्याचं स्मरणपत्र,
मग स्मरणपत्राचं स्मरणपत्र.
हवालदार बाविस्करनं विचारलं, मधला पाच कुठं गेला?
होता, कॅप्टन इप्सिता म्हणाल्या,
प्रयोगातच राहिला.
म्हणजे आमच्या मधल्या भावासारखा,
बाविस्कर म्हणाला, आणि केबल मोजायला लागला.

टेबलावर फेगड्यांचं रजिस्टर.
चोवीस वर्षं शिसपेन्सिलीनं पत्ते वाटले त्यांनी :
एकशे बहात्तर टिंब सोळा टिंब चाळीस टिंब सात, वजनकाटा.
आठ, मेजरसाहेब. खोडून दुसरे मेजरसाहेब. खोडून तिसरे.
नऊ, राखून ठेवावा. कोणासाठी ते लिहिलेलं नाही.
पुढं समासात, बारीक अक्षरात :
पत्ते संपत आले. आता कोणाचा तरी काढून घ्यावा लागेल.
काढला नाही त्यांनी कोणाचाच.
एका पत्त्याआड चाळीस यंत्रं बसवली,
एकाच रेशनकार्डावर
तीन चुली जेवाव्यात तशी.

नव्यात टंचाई नाही.
रावेरपासून चोपड्यापर्यंत केळीच्या पानापानाला द्या,
वाऱ्यानं पान फाटलं तर चिंधीचिंधीला द्या,
तरी उरतील.
आकड्यांत अक्षरं मिसळलेली, ए ते एफ,
आणि टिंबाऐवजी विसर्ग.
इप्सिता त्याला कोलन म्हणतात. मला विसर्गच दिसतो.
मधे नुसती शून्यं असली तर लिहायची नाहीत,
दोन विसर्ग शेजारी ठेवायचे,
त्यांच्या पोटात सगळी मावतात.
पण एका पत्त्यात एकदाच.
दुसऱ्यांदा गाळलं
तर किती गाळलं ते कळत नाही कोणाला.

अकरा महिने दोन्ही एकाच तारेतून चालवले.
आधी नव्यात विचारायचं,
क्षणभर थांबायचं,
उत्तर नाही आलं तर जुन्यात.
त्यात मला काही शिकावं लागलं नाही.
मी पारोळ्याचा. घरात अहिराणी, ओट्याखाली मराठी,
साहेबापुढं हिंदी.
मुलगी पुण्यात असते. फोनवर मी विचारतो,
जेवनीस का?
ती म्हणते, हो बाबा, जेवले.
म्हणजे समजतं तिला.
अजून समजतं.

दोन चाळीसला चार बंद केला.
पडद्यावर एकेक हिरवा होत गेला,
वजनकाटा, फाटक, तिसरे मेजरसाहेब.
इप्सितांनी चहा मागवला. तेवढ्यात बाविस्कर म्हणाला,
नऊ नंबर बोलत नाहीये.

नऊ नंबर म्हणजे दारूगोळ्याचं टोकाचं कोठार,
त्याच्या भिंतीवर तापमान सांगणारी डबी.
बनवणारी कंपनी बुडाली, डबी चालू.
तिला फक्त चार येतो.
आत्ताही ती अंधारात
दर पाच मिनिटांनी सांगत असणार किती अंश ते,
नेहमीच्या पत्त्यावर,
जिथं आता कोणी राहत नाही.

बाविस्कर टॉर्च घेऊन सायकलनं गेला.
आला, म्हणाला, एकतीस.
कुठं लिहू?
मी फेगड्यांचं रजिस्टर पुढं सरकवलं.
तीन पंचवीस, एकतीस.
चार पंचवीस, एकतीस.
पाच पंचवीसला त्यानं पेन्सिल मागितली,
पेनाची शाई त्या कागदावर फुटते म्हणाला.

तिच्यासाठी मधे एक दुभाष्या बसवू, इप्सिता म्हणाल्या,
सामान यायला पंधरा दिवस लागतील.
तोवर तेवढी एक वाट जुनीच उघडी ठेवा.
अहवालात लिहिलं :
स्थलांतर पूर्ण. अपवाद एक.

उजाडताना स्वेटर काढला,
आणि कोणी बघत नाही असं बघून
चारमधून तिला साद घातली, रिकामीच,
शेस का?
पडद्यावर एक ओळ उमटली.
शे.
मग पुन्हा एक, न विचारता :
बत्तीस.