चिठ्ठीत आलेले लोक

बुधवारी सातला, मिरजेत, मिशन दवाखान्यामागच्या खोलीत
बिस्किटांचा पत्र्याचा डबा फिरायचा.
आत घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, एकेकीवर एकेका जमातीचं नाव.
हाताला लागेल ती वर्षभर आपली.
माझी आत्या, सगुणाबाई अमोलिक,
चष्मा घरी विसरून आलेली,
म्हणून तिची पाळकांनीच वाचली:
दोंग.
"ढोंग?" आत्या म्हणाली.
बाकं हसली. पेटीवरचा योनाथानसुद्धा.
"ढोंग नव्हे हो बाई, दोंग. चीनच्या डोंगरात असतात."
"डोंगरात दोंग," तिनं घोकून ठेवलं,
वॉर्डात डोस घोकायची तसं.

वर्ष सरलं. तिनं चिठ्ठी परत टाकली नाही.
बटव्यात ठेवली, ओव्याच्या पुडीशेजारी.
"टाके निघाल्याशिवाय पेशंट सोडतात होय?"

पहाटे पाचला,
दर्ग्याची बांग आणि दूधवाल्याची किटली
यांच्या मधल्या फटीत ती दोंगांना उठवायची.
मी गोधडीतून ऐकायची.
तारण, अंधार, हरवलेली मेंढरं, हे शब्द पाळकांकडे असत.
ती म्हणे: प्रभू, त्यांच्या भातखाचरात मासे असतात म्हणे,
ते बगळ्यांना देऊ नकोस.
निळीत कापड बुडवतात त्या बायका,
फिनेलनं माझे हात सोलले
तसे त्यांचे सोलू नकोस.
आणि कुणी अडली असेल आत्ता
तर मूल फिरव, डोकं खाली कर.

"मुख्य ते मागा, बाई," पाळक म्हणत.
"मुख्य ते तुम्ही मागा. मी दुखण्याखुपण्याचं बघते."

एकदा पुण्याहून पाहुणे आले, भिंतीवर चादर लावून
फोटो दाखवले.
नदीवर पूल, पुलावर कौलारू छप्पर, बसायला बाकं.
छपरावर छप्पर चढवलेला लाकडी मनोरा.
"एवढ्यात एकही खिळा नाही," पाहुणे म्हणाले.
"लिपी नव्हती. जे जपायचं ते गाण्यात ठेवलं.
कुणी वरून गातं, कुणी खालून,
पुढे उभं राहून हात हलवणारा कुणी नाही."
योनाथान दिवसा सतारमेकरांकडे कामाला. तो पुटपुटला,
"तरफा. न छेडता वाजतात."

आत्या अंधारात बराच वेळ गप्प. मग:
"खिळाच ठाऊक नाही ज्यांना
त्यांना क्रूसाचं कसं सांगणार?"
प्रोजेक्टरचा पंखा घरघरत राहिला.
पाहुण्यांनी पुढचा फोटो लावला.

घरी येताना, रिक्षात, उगाच सांगू लागली:
"माझ्या आज्याला मिशननं औषध दिलं, पाटी दिली, नाव दिलं.
आधीचं नाव काय, कुणी लिहून ठेवलं नाही.
गाण्यात तरी घालायचं."
रागानं म्हणाली की कसं, खड्ड्यांमुळे कळलं नाही.
पण पाचला उठली.

मग पुराचं साल.
आयर्विन पुलाची पातळी दर तासाला मोबाइलवर.
कृष्णाघाटाचं आमचं घर पायरीपायरीनं आत गेलं.
शाळेच्या वरच्या मजल्यावर आम्ही चाळीस जण,
सात शेळ्या, एक टीव्ही रजईत गुंडाळलेला.
बटवा भिजलेला. आत्यानं चिठ्ठी उलगडली:
कागदभर निळं, अक्षर एकही नाही.
मला वाटलं रडेल.
"गेली बघ लिपी," म्हणाली,
आणि कागद खिडकीच्या गजाला वाळत चिकटवला.
मग बाहेर बघत, पूल जिथे असायचा तिथे:
"छप्पर असतं तर निदान दिसला असता."

रात्री शेळ्या हलत होत्या, कुणाचं पोर खोकत होतं.
मी हळूच विचारलं,
"आत्या, आपली चिठ्ठी कुणाच्या हाताला लागली असेल गं?"
ती झोपली होती,
किंवा ढोंग करत होती.