काठ

आधी जहाजांचे फोटो काढले. सगळेच काढतात.
मोयनाकला येणारा प्रत्येक परका माणूस
जीपमधून उतरतो, वाळूत रुतलेल्या गंजक्या सांगाड्यांपाशी
गुडघा टेकतो, आभाळ थोडं जास्त घेतो
आणि अंधाराआधी नुकूसला परततो.
मीही गुडघा टेकला.
आभाळ थोडं जास्त घेतलं.
फोटो चांगले आले.
कुणाचेही असावेत इतके चांगले.

कॅमेरा तोरेनियाझमामाचा, जुना झेनिट.
मामा कारखान्यात माशांच्या डब्यांवर लेबलं चिकटवायचा,
इथले मासे संपल्यावरसुद्धा,
रेल्वेने आलेल्या, बर्फात गोठलेल्या परमुलखी माशांवर.
प्रकाश मोजायचा काटा कधीच मेलेला.
"अंदाजाने घे," मामा म्हणाला, "मीठ घालतेस तसं."

मग माणसं घेतली.
तंदूरपाशी जुमागुलमामी,
मोटरसायकलच्या चेनमध्ये बोटं घातलेला पोलात,
छपरावर अँटेना फिरवणारा शेजारी
आणि खालून "अजून, अजून" ओरडणारी त्याची बायको.

नुकूसला किमकाका चाळीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढतात.
त्यांनी माझे चौदा रोल भिंगाखाली धरले
आणि च्यक् केलं.
"मधे काहीच नाही तुझ्या.
सगळ्यांना कडेला सरकवलंयस,
जणू मधून कपाट न्यायचंय कुणाला.
माणूस मधे घे, पोरी. दोन्ही कान दिसले पाहिजेत."

महिनाभर मधे घेतली माणसं.
दोन्ही कान दिसले.
मामीने तिचा फोटो फ्रिजवर लावला.
येताजाता मी बघायचे,
त्या बाईची माझी ओळख नव्हती.

चैत्र उलटल्यावर, एका संध्याकाळी,
गल्ली संपते तिथल्या कड्यावर गेले.
रोजचीच माणसं. सूर्यफुलाच्या बिया फोडत,
ओळीने, उत्तरेकडे तोंड करून.
समोर काही नाही. मैलोन् मैल काही नाही.
पोलात एकोणीस वर्षांचा, पाणी त्याने पाहिलेलं नाही,
तरी गाडी लावून तो कडेपर्यंत गेला
आणि एक पाऊल मागे सरला,
बूट भिजतील म्हणून सरावं तसा.

मी कॅमेरा डोळ्याला लावला.
कुणाला कडेला सरकवावं लागलं नाही.
होतीच सगळी काठावर,
मी जन्मायच्या आधीपासून.

तो फोटो किमकाकांनी भिंगाशिवाय पाहिला.
बराच वेळ.
मग मधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं,
"इथे मी पोहायला शिकलो.
नाही, इथे नाही. जरा डावीकडे."
बोट सरकवलं. तिथेच ठेवलं.

रोल धुण्याचे पैसे मात्र पूर्ण घेतले,
आणि दारापर्यंत सोडायला आल्यावर म्हणाले,
क्षितिज वाकडं आलंय.

आलंय.