एक डोळा मिटून

बुधवार, जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास.
बोटांना अजून कॅन्टीनमधल्या सार्डिनचा वास,
आणि मी सातवी 'ब'ला सांगते:
डावा हात कागदावर ठेवा, बोटं फाकवून.
पेन्सिल कडेकडेनं फिरवा.
आता हात उचला.
राहिली ती नुसती हद्द. आत कोणी नाही.

पट्टी घ्या. काठापासून सरळ रेघ,
हद्दीपाशी थांबा, पट्टी बाजूला,
आणि हातावरून जाताना रेघ जराशी वाकवा,
अंगाला अंग घासणाऱ्या मांजरीची पाठ वाकते तेवढीच;
पलीकडे उतरलात की पुन्हा सरळ.
असं चाळीस वेळा.

"चाळीस?" लोरेन्सो कळवळतो.
चाळीस. फसवायचं तर नेट लागतो.

इरासेमाचं खोडरबर कागदाच्या आरपार जातं.
लोरेन्सोचा हात इस्त्री फिरवल्यासारखा सपाट.
नेलिओ मान वर न करता काढतोय;
त्याचे वडील नदीपलीकडे, लिस्बनच्या फुटपाथांवर
काळे-पांढरे दगड बसवतात.
चौकातल्या लाटांवरून जाताना, तो सांगतो,
आई बेटावरून नवी आली तेव्हा
बटाट्यांची पिशवी छातीशी धरून
सपाट जमिनीवर पाऊल उचलून टाकायची.
वडील हसले नाहीत. म्हणाले,
लाट काढताना लाटेकडे बघायचं नाही,
पुढच्या दगडाकडे बघायचं.

चाळिसाव्या रेघेनंतर मी नेहमीची युक्ती काढते,
एकोणीस वर्षांची, झिजून गुळगुळीत झालेली:
"आता एक डोळा मिटा. बघा, हात कागदातून वर येईल."

तेवीस डोळे मिटले.
खिडकीजवळची दोमिंगाश तशीच बसलेली.
"मिट ना," मी म्हटलं,
आणि म्हणता म्हणताच आठवलं:
सप्टेंबर, ऑफिसातली फाईल, तिसरं पान,
डावा डोळा काचेचा.
वाचलं होतं. विसरले होते.
डोळेझाक म्हणतात ती हीच असावी,
दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवून केलेली.

"मला मघापासूनच वर आलेला दिसतोय," ती म्हणाली.
"सातव्या-आठव्या रेघेपासून."

वर्ग गप्प.
सगळे एका डोळ्यानं तिच्याकडे बघत होते,
आणि ती आमच्याकडे,
घरी पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्यांकडे बघावं तशी:
खुर्च्या पुरतील ना?

मग लोरेन्सो, डोळा मिटलेलाच ठेवून, उठला,
पेन्सिल परत ठेवायला गेला डब्यात,
डबा इथे, पेन्सिल तिथे, टण्णकन फरशीवर.
हशा पिकला. ती हसली नाही.
"मान थोडी हलवत राहा," ती म्हणाली,
"अशी. इकडे, तिकडे.
जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी.
स्थिर राहिलास तर कळणार नाही."

हे माझ्या टिपणांत नव्हतं.

घंटा झाली. कागद गोळा केले,
चोवीस हात, एकावर एक,
तळाचा कुणाचा ते न बघता पिशवीत घातले.

संध्याकाळच्या फेरीबोटीत मी कठड्याशी उभी,
एक डोळा मिटून.
शहर पाण्यावर चिकटवल्यासारखं, सपाट,
दिवे, पूल, टेकडी, सगळं एकाच अंतरावर.
मान हलवली. इकडे. तिकडे.
शेजारचा माणूस जरा सरकून बसला.
मी पुन्हा हलवली.
धक्क्यावरचा खांब सरकला,
पूल तिथेच राहिला.