लाल खडू

दृढीकरणाचा वर्ग वेस्ट्रीत भरायचा,
रविवारी उपासना सुटल्यावर,
पोटात भूक, आणि खडकी बाजाराकडून
कुणाच्या तरी मटणाचा वास.

बन्यामीन थोरात, आमचे सर,
आठवडाभर दारूगोळा कारखान्यात लेथवर असायचे.
नखांखालचं ग्रीस रविवारच्या साबणालाही दाद द्यायचं नाही.
त्याच बोटानं ओळ दाखवायचे;
माझ्या प्रतीत पानांच्या कडेला
ते पुसट ठसे अजून आहेत.

फी नव्हती. आया डब्यातून काहीबाही पाठवायच्या,
अंडी, नाताळच्या करंज्या, एकदा अर्धा फणस.
सर घ्यायचे, आढेवेढे न घेता.
म्हणायचे, शिकवणाऱ्याला घेताही आलं पाहिजे.

त्या ऑगस्टात एलिशा पगारेची आई
मुळेत सापडली, होळकर पुलाच्या खाली.
दोन रविवारांनी एलिशा आला,
इस्त्रीचा शर्ट, मागचा बाक.
सर सहाव्या आज्ञेवर पोचले होते.
पुस्तकात नव्हतं ते बोलून गेले:
स्वतःचा जीव घेणाऱ्याला दार बंद.

आम्ही नऊ जण.
मला ठाऊक होतं, असं कुठं लिहिलेलं नाही.
पाठांतराची ढाल माझ्या घरी, शोकेसमध्ये.
मी ते वहीत उतरवून घेतलं, स्वच्छ अक्षरात,
खाली रेघ मारून.
एलिशा पाणी प्यायला,
बाटलीचं झाकण नीट लावलं
आणि उठून गेला.

सुवार्ता उजागरेला त्या दिवशी गालगुंड.
तिनं माझी वही नेली होती.
पुढच्या रविवारी उभी राहिली,
जिला दहा आज्ञा ओळीनं कधी आल्या नाहीत ती,
"सर, याच्या वहीत लिहिलंय, दार बंद.
हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

सरांनी चष्मा काढला. रुमाल सापडेना.
"कारखान्यात माझा जॉब चुकला
तर तपासनीस लाल खडूनं फुली मारतो,
परत पाठवतो.
इथं मी बिनतपासणीचा बसलोय, असं मला वाटायचं.
चुकलो.
पण तुम्ही आठ जण...
गेज हातात असून माल पुढं जाऊ दिलात की रे."

त्या दुपारी सायकलवरून रेंज हिल्सला गेले.
एलिशाच्या वडिलांनी कडी काढली नाही.
पुढच्या शनिवारीही गेले. नंतरचं मला माहीत नाही.
आमच्या दृढीकरणाच्या फोटोत
एलिशा नाही.

आता त्याच वेस्ट्रीत मी शिकवतो.
टेबलावर लाल खडू असतो,
पोरं तो मनसोक्त वापरतात.
गेल्या रविवारी फुली पडली,
"नोहाचं कबुतर पांढरं होतं, हे कोणी सांगितलं?"
मी घरी जाऊन शोधलं. कुणीच नाही.

वहीतलं ते पान फाडलेलं नाही.
वर्षातून एकदा वाचून दाखवतो,
रेघेसकट,
आणि अक्षर कुणाचं, तेही सांगतो.